सिगारेट सोडून तापवलेल्या तंबाखूकडे माणसं का वळतात?

जपानला किंवा दुबईला कामानिमित्त राहून आलेल्या एखाद्या मित्राच्या हातात जाडसर पेनाएवढं यंत्र तुम्ही पाहिलं असेल. त्यात सिगारेटपेक्षा आखूड अशी कांडी खोचायची, बटण दाबायचं, यंत्र तापेपर्यंत जरा थांबायचं आणि मग नेहमीसारखे झुरके घ्यायचे. राख नाही, लायटर नाही, शर्टाला वास नाही. "मी सिगारेट सोडली," असं तो सांगतो आणि घरचेही सुटकेचा निःश्वास टाकतात. सिगारेट त्याने खरोखरच सोडलेली असते. तंबाखू मात्र सुटलेला नसतो, आणि निकोटीन तर अजिबातच नाही. हा फरक एकदा नीट ध्यानात आला, की लोक या यंत्राकडे का वळतात, त्यातून त्यांना काय मिळतं आणि काय मिळत नाही, हे कळायला सोपं जातं.

मुंबईतल्या वाचकांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. भारतात ही यंत्रं विकायला, आणायला, साठवायला बंदी आहे. कायद्याबद्दल पुढे लिहिलंच आहे. तरीही "सिगारेटपेक्षा ते बरं ना?" हा प्रश्न मला सारखा ऐकू येतो, आणि विचारणारी माणसं तो पोटतिडकीने विचारतात. कुणाला नवऱ्याची काळजी असते, कुणाला स्वतःच्या खोकल्याची. त्यांना एका शब्दात उत्तर देऊन भागत नाही.

जळणं आणि तापणं

सिगारेटचं व्यसन लागतं ते निकोटीनमुळे. झुरका घेतल्यापासून १० ते २० सेकंदांत निकोटीन मेंदूत पोचतं, तिथे डोपामिन सुटतं, बरं वाटतं. साधारण दोन तासांत रक्तातलं निकोटीन निम्म्यावर येतं आणि पुन्हा तलफ येते. निकोटीन निरुपद्रवी आहे असं मुळीच नाही. त्याने हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, पोटातल्या बाळाला अपाय होतो, वाढत्या वयातल्या मुलांच्या मेंदूवर परिणाम होतो. पण फुप्फुसाचा कर्करोग, श्वास कोंडणारा सीओपीडी, ऐन चाळिशीत येणारा हृदयविकाराचा झटका, यांचा मुख्य आरोपी निकोटीन नाही, धूर आहे. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ मायकेल रसेल यांनी १९७६ मध्येच हे मांडलं होतं, की माणसं सिगारेट ओढतात निकोटीनसाठी आणि मरतात डांबरामुळे, म्हणजे धुरातल्या चिकट काळ्या द्रव्यांमुळे. तापवलेल्या तंबाखूचा सगळा व्यवसाय याच निरीक्षणावर उभा आहे.

झुरका घेताना सिगारेटच्या टोकाचं तापमान ९०० अंश सेल्सियसच्या आसपास जातं. इतक्या आचेवर पानातले घटक फुटतात, तुटतात आणि नव्याने जुळतात. सिगारेटच्या धुरात ७,००० हून अधिक रसायनं सापडली आहेत आणि त्यातली किमान ७० कर्करोगकारक आहेत. शिवाय जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटतो आणि प्राणवायूची जागा अडवतो. जिना चढताना सिगारेट ओढणाऱ्याला धाप लागते, त्यात याचा मोठा हात असतो.

कढईत कांदा परतला तर घरभर चांगला वास सुटतो. तोच कांदा करपला की धूर डोळ्यांत जातो आणि खोकल्याची ढास लागते. कांदा तोच, कढई तीच, फक्त आच वेगळी. तापवलेल्या तंबाखूच्या यंत्रात हीच आच आवरून धरली जाते. फिलिप मॉरिस कंपनीच्या आयकॉस या यंत्राचं मूळ रूप तंबाखूला जास्तीत जास्त ३५० अंशांपर्यंत तापवतं, तर ब्रिटिश अमेरिकन टोबॅकोच्या ग्लोची सुरुवातीची यंत्रं सुमारे २४० अंशांवरच थांबतात. तंबाखू पेटत नाही. कांडीतला तंबाखूही साध्या सिगारेटसारखा चुरलेला नसतो. पानं दळून, लगदा करून, त्यात ग्लिसरीन मिसळून कागदासारखे पातळ पापुद्रे काढलेले असतात. तापल्यावर ग्लिसरीनची वाफ होते आणि ती निकोटीन सोबत घेऊन येते. झुरक्यानंतर तोंडातून बाहेर पडतं ते पांढरं धुकं म्हणजे हीच वाफ.

वापरून झालेली कांडी हातात घेऊन पाहिली तर फरक डोळ्यांनी दिसतो. तिची लांबी होती तेवढीच राहते. टोकाशी तंबाखू काळपट तपकिरी झालेला असतो, कडेचा कागद जरासा पिवळट पडतो, पण राख कुठेच नसते. नाकाजवळ नेली तर वास येतोच. सिगारेटच्या थोटकाचा कडवट दर्प नव्हे, तर काहीतरी जास्त भाजलं गेल्याचा. वास अजिबात येत नाही असं सांगणाऱ्यांच्या स्वतःच्या नाकाला त्याची सवय झालेली असते, एवढंच.

मग विषारी घटक खरोखर कमी होतात का? हो, बरेच कमी होतात. कार्बन मोनॉक्साइड जवळजवळ नाहीसा होतो, कारण जळणंच नाही. बेंझीन, ब्युटाडाइन अशी जळण्यातून जन्मणारी रसायनंही खूप खाली येतात. पण एक गट तितक्या प्रमाणात खाली येत नाही, तो म्हणजे तंबाखूतली नायट्रोसमाइन. ही कर्करोगकारक द्रव्यं मोठ्या प्रमाणात पान सुकवताना आणि मुरवतानाच तयार झालेली असतात, त्यामुळे आच कमी केली तरी काही अंशी वाफेत उतरतातच. काही थोडी रसायनं तर या वाफेत सिगारेटच्या धुरापेक्षा जास्त आढळली आहेत. म्हणून "९० टक्के विष कमी म्हणजे ९० टक्के धोका कमी" हे गणित मांडता येत नाही. शरीर असं सरळ त्रैराशिकाने चालत नाही.

अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न व औषध नियामक संस्थेने, जुलै २०२० मध्ये घेतलेला निर्णय इथे पाहण्यासारखा आहे. सिगारेट पूर्णपणे सोडून आयकॉसकडे वळलं तर शरीरात जाणारी घातक रसायनं बरीच कमी होतात, एवढं सांगायची परवानगी त्यांनी कंपनीला दिली. आजाराचा धोका कमी होतो असं म्हणायची परवानगी मागितली होती, ती नाकारली. आत जाणारं विष कमी होणं हे काही आठवड्यांत रक्त-लघवी तपासून कळतं. कर्करोग कमी झाला का, हे कळायला वीस-तीस वर्षं लागतात, आणि हे उत्पादन आताच्या स्वरूपात बाजारात आलं तेच २०१४ मध्ये.

मग लोक वळतात कशासाठी?

आरोग्य हे कारण सगळे सांगतात. परदेशात झालेल्या पाहण्यांमध्येही "सिगारेटपेक्षा कमी घातक" हे उत्तर वरच्या क्रमांकात असतं. तरी माझ्या मते आरोग्य हे ठरवायला मदत करणारं कारण आहे. टिकवून धरणारी कारणं दुसरीच आहेत, आणि ती जास्त मानवी आहेत.

त्यातलं पहिलं कारण वास. लोअर परळच्या एखाद्या ऑफिसात काम करणाऱ्या चाळिशीच्या माणसाचा दिवस डोळ्यांसमोर आणा. सकाळी टपरीवर कटिंग चहाबरोबर एक, जेवणानंतर इमारतीखाली एक, संध्याकाळी मीटिंग संपल्यावर दोन. प्रत्येक वेळी बडीशेप चघळायची, हात धुवायचे, लिफ्टमध्ये तोंड भिंतीकडे करून उभं राहायचं. घरी पोचल्यावर मुलगी धावत येते तेव्हा "थांब, आधी अंघोळ करतो" म्हणून तिला दूर ठेवायचं. वन बीएचकेत रात्रीची तलफ आली तर गॅलरीत जायचं, तर वरच्या मजल्यावरच्या काकूंनी सोसायटीत तक्रार केलेली. या माणसाला सिगारेटची लाज रोज थोडी थोडी टोचत असते. आजाराचा फोटो पाकिटावर छापलेला असतो, तो पाहूनही न पाहायला हा माणूस शिकलेला असतो. मुलीने नाक मुरडलेलं मात्र त्याला विसरता येत नाही. वासाची ही अडचण जो दूर करेल, त्याच्याकडे हा माणूस जाणारच.

दुसरं कारण म्हणजे तलफ खरोखर भागते. इथे थोडा इतिहास सांगायला हवा. तंबाखू न जाळता ओढायची कल्पना नवी नाही. अमेरिकेतल्या आर. जे. रेनॉल्ड्स कंपनीने १९८८ मध्ये प्रीमियर नावाची अशी सिगारेट आणली होती. लोकांना तिची चव आणि वास सहन होईना, आणि वर्षभरातच ती मागे घ्यावी लागली. फिलिप मॉरिसनेही १९९८ मध्ये अकॉर्ड नावाचं तापवणारं यंत्र आणलं, तेही चाललं नाही. विष कमी आहे एवढ्यावर ओढणारा माणूस बदलत नाही, हे कंपन्या त्यातून शिकल्या. आजच्या यंत्रांतून निकोटीन जवळपास सिगारेटच्याच वेगाने रक्तात पोचतं. घशाला तोच ठसका मिळतो. मूळ आयकॉसची एक कांडी १४ झुरके किंवा सहा मिनिटं चालायची, म्हणजे एका सिगारेटचाच वेळ. हात तोंडाकडे जातो, बोटांना काम मिळतं, मित्रांबरोबर खाली उतरायचं निमित्त कायम राहतं. सिगारेट सोडताना वापरायच्या निकोटीनच्या गमने किंवा पॅचने (त्वचेवर चिकटवायच्या पट्टीने) यातलं काहीच मिळत नाही. वर्षानुवर्षं दिवसाला पाकीटभर ओढणाऱ्याच्या अंगात ही हालचाल भिनलेली असते. निकोटीन दिलं तरी ती हालचाल तो शोधतच राहतो.

म्हणजे ज्या गुणांमुळे हे यंत्र सिगारेट सुटायला मदत करतं, त्याच गुणांमुळे ते स्वतः सुटत नाही. मला या विषयात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट.

जपानमध्ये हे सगळ्यात ठळकपणे दिसलं. आयकॉस २०१४ मध्ये नागोया शहरात पहिल्यांदा विकायला आलं, २०१६ मध्ये देशभर पोचलं, मागोमाग ग्लो आणि जपान टोबॅकोचं प्लूम आलं. तिथे निकोटीनचं द्रव असलेली ई-सिगारेट औषधाच्या कायद्याखाली येते, त्यामुळे ती दुकानात मिळत नाही. तापवलेला तंबाखू मात्र तंबाखू म्हणूनच विकता येतो. मोकळा रस्ता मिळाला. त्यात दुसऱ्याला आपल्या धुराचा त्रास होऊ नये याबद्दल तिथला समाज फार जपून वागणारा. २०१५ ते २०१९ या काळात जपानमधली सिगारेटची विक्री सुमारे एक-तृतीयांशाने घटली. हा आकडा मी हलक्यात घेत नाही. जाहिराती, इशारे, दंड यांनी इतक्या थोड्या वर्षांत एवढी घट कुठे सहसा होत नाही.

पण विक्री घटली म्हणजे माणसं निकोटीनमधून बाहेर पडली असं नव्हे. वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२२ मध्ये तापवलेल्या तंबाखूवरचा अभ्यास तपासला. सिगारेट सुटायला याची मदत होते का, हे मोजणारी एकही चाचणी तेव्हा त्यांना सापडली नाही. सुरक्षिततेबद्दलच्या ११ चाचण्या सापडल्या, आणि त्या सगळ्यांचा खर्च तंबाखू कंपन्यांनी केलेला होता. त्या चाचण्यांत विषारी घटक सिगारेटपेक्षा कमी आणि काहीच न ओढणाऱ्यांपेक्षा जास्त दिसले. कंपनीचा पैसा असला म्हणून निष्कर्ष खोटा ठरत नाही, पण ज्यांनी सिगारेटबद्दल जगाला अनेक दशकं फसवलं त्यांच्या शब्दावर मी डोळे मिटून विश्वास ठेवणार नाही.

माझे मामा गिरगावात राहायचे. डॉक्टरांनी दटावल्यावर त्यांनी "लाइट" सिगारेट धरली. "ही हलकी असते गं," असं मला समजावत ते दिवसाला दोन-चार जास्तच ओढायचे, आणि प्रत्येक झुरका खोलवर घ्यायचे. जगभर लाखो लोकांनी हेच केलं. लाइट सिगारेटच्या फिल्टरला बारीक छिद्रं असतात. मोजणाऱ्या यंत्रात डांबर कमी भरतं, पण माणसाचं शरीर निकोटीनचा हिशेब चुकता करून घेतं. २००६ मध्ये अमेरिकेतल्या फेडरल न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी निकालात स्पष्ट म्हटलं, की कंपन्यांनी लाइट सिगारेटबद्दल लोकांची दिशाभूल केली. तापवलेला तंबाखू आणि लाइट सिगारेट या एकच गोष्टी नाहीत. इथे रसायनं खरोखर कमी होतात. तरीही "हलकं आहे" असं कुणी म्हणालं की मला मामांचा खोकला आठवतो.

अर्धवट बदलण्याचा घोटाळा

यंत्र घेतलेले पुष्कळ जण सिगारेट पूर्ण सोडत नाहीत. घरात यंत्र, टपरीवर सिगारेट. "पूर्वी वीस ओढायचो, आता पाचच," हे वाक्य कानाला सुखावतं, पण हृदयाच्या बाबतीत ते फसवं आहे. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०१८ मध्ये अनेक अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण आलं होतं. दिवसाला २० सिगारेटींमुळे हृदयविकाराचा जेवढा जादा धोका वाढतो, त्यातला ४० ते ५० टक्के धोका दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्यालाही असतो, असं त्यात दिसलं. रक्तवाहिन्यांना धुराचा पहिलाच थोडासा डोस पुरेसा होतो. त्यामुळे विसाच्या पाच केल्या म्हणजे तीन-चतुर्थांश धोका गेला, असं होत नाही. तापवलेल्या तंबाखूचा जो काही फायदा आहे तो सिगारेट शून्यावर आणणाऱ्यालाच मिळतो, आणि तोही ओढतच राहिलेल्या माणसाच्या तुलनेत. सगळंच सोडलेल्याच्या तुलनेत तो तोट्यातच असतो. जो कधीच ओढत नव्हता, त्याच्यासाठी तर यात कणभरही फायदा नाही.

कायदा काय म्हणतो

केंद्र सरकारने १८ सप्टेंबर २०१९ ला वटहुकूम काढला आणि डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. नावात ई-सिगारेट असली तरी व्याख्येत तापवलेला तंबाखूही घातलेला आहे. विक्री, आयात, जाहिरात अशा गुन्ह्यांना पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा करून ठेवला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नुसतं ओढण्याला या कायद्यात वेगळी शिक्षा सांगितलेली नाही, पण परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाला बॅगेत घालून आणायला सांगणं म्हणजे त्याला आयातीच्या गुन्ह्यात ओढणं. चोरट्या मार्गाने आलेल्या कांडीत काय भरलंय याची तर कुणालाच हमी देता येत नाही.

तरुण मुलांच्या हाती निकोटीनचं नवं खेळणं पडू नये हे सरकारचं मुख्य कारण होतं आणि ते मला पटतं. पण त्याच वेळी जळणारी सिगारेट प्रत्येक नाक्यावर मिळते याचा मला मनापासून राग येतो. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेट विकायला बंदी केली, तरी आज कुठल्याही टपरीवर जाऊन एक मागून पाहा. कमी घातक वस्तूवर बंदी आणि सगळ्यात घातक वस्तू सुटी, ही अवस्था सुधारायची असेल तर सिगारेटवरचे नियम आधी खरे करायला हवेत. आणि आपल्याकडचा मोठा प्रश्न तर धुराचाही नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातले २८.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते. धूर ओढणारे १०.७ टक्के आणि तंबाखू खाणारे, मळणारे, लावणारे २१.४ टक्के. मशेरी लावणाऱ्या आजीला किंवा गुटख्याची पुडी फोडणाऱ्या रिक्षावाल्याला तापवणाऱ्या यंत्राचा काय उपयोग?

मग मुंबईत काय करता येईल

यंत्राकडे वळणाऱ्याला निकोटीन हवं असतं आणि धूर नको असतो. ही मागणी कायदेशीर आणि कितीतरी सुरक्षित मार्गाने भागवता येते, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन मोफत आहे, आणि तिचं एक केंद्र परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात आहे. व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन ही तलफ कमी करणारी औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतात. दोन मिलीग्रॅमची निकोटीन गम औषधाच्या दुकानात मिळते. सकाळी उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर बहुधा चार मिलीग्रॅमची लागते आणि तिला डॉक्टरांची चिठ्ठी हवी. गरोदर बाईने किंवा हृदयरोग्याने गमसुद्धा डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

"गम घेऊन पाहिली, काही उपयोग नाही," असं म्हणणारे मला खूप भेटतात. विचारलं की कळतं, ती त्यांनी साध्या च्युइंगमसारखी चावलेली असते. तसं केलं की निकोटीन लाळेबरोबर पोटात जातं, मळमळतं, उचकी लागते आणि तलफ तशीच राहते. ही गम सावकाश, थोडा वेळच चावायची. तिखट चव आली किंवा तोंडात झिणझिण्या आल्या की चावणं थांबवायचं आणि गम गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायची. निकोटीन तिथल्या त्वचेतून रक्तात जातं. चव ओसरली की पुन्हा थोडी चावायची, पुन्हा गालात, पण या वेळी जागा बदलून. असं साधारण अर्धा तास चालतं. गमने तलफ सिगारेटइतकी चटकन भागत नाही, त्यामुळे तलफ टोकाला जायची वाट न पाहता आधीच तोंडात टाकायची. आणि मुंबईच्या माणसासाठी सगळ्यात अवघड पथ्य असं, की गम घेण्याच्या १५ मिनिटं आधी आणि ती तोंडात असताना चहा, कॉफी, सरबत, शीतपेय काही घ्यायचं नाही, कारण त्यांच्यामुळे तोंडातलं निकोटीन रक्तात नीट उतरत नाही. ज्याची सिगारेट कायम कटिंगबरोबरच पेटायची, त्याने पहिले काही आठवडे कटिंग आधी संपवावा, टपरीवरून निघून यावं आणि पंधरा मिनिटांनी, जागेवर बसल्यावर, गम काढावी.